झील कुठी गेली?

खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यात सगळं एकाच सुरात लागलेलं असतं. शाहीर काळी चारमध्ये गाणार म्हटलं की पेटी काळी चारवर, ढोलकीची शाई त्याच षड्जाला चढवलेली, तुणतुण्याची तारही तिथेच. मागे उभे असलेले झीलकरी ओळीचा शेवट उचलतात, म्हणजे झील धरतात, तीही त्याच पट्टीत. काळी चारचा षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे २०८ कंपनं आणि वरचा षड्ज ४१५च्या आसपास. माइक लावून हे सगळं लॅपटॉपमध्ये घ्यावं आणि पडद्यावर आवाजाचा आलेख पाहावा, तर शाहिराचं, पेटीचं, तुणतुण्याचं शिखर नेमकं एकाच ठिकाणी उभं असतं. कोणाला वर घ्यायचं आणि कोणाला खाली, हा मिक्सिंगचा पहिला प्रश्न. आमच्याकडे तो सुरुवातीलाच अवघड होऊन बसतो.

इंटरनेटवर मिक्सिंग शिकवणारे बहुतेक जण गिटार, बेस, ड्रम आणि एक गाणारा अशा बँडचं उदाहरण घेतात. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ कंपनांवर वाजते, झांजा पार वर चमकतात, मधल्या भागात गळा आणि गिटार. वाद्यांनी आपापली जागा आधीच वाटून घेतलेली असते. गिटारची थोडी कड कापली की गळा मोकळा होतो. ते शिकवतात त्यात खोटं काही नाही, पण ते त्या संगीताचं शास्त्र आहे. आमची खडी गंमत, दंडार, गुरुदेव सेवा मंडळाची खंजिरी भजनं यांत सगळे एका सुरावर येऊन उभे राहतात आणि त्या एकत्र येण्यातच गाण्याचं बळ असतं. पेटीची कड कापून शाहिराला जागा करून द्यावी, तर पेटी शाहिराच्या गळ्याला जो आधार देते तोही कापला जातो.

मी मोहाडीत राहतो. भंडाऱ्याहून तुमसरकडे जाताना आमचं गाव लागतं. चौंडेश्वरी मातेमुळे ओळखलं जातं आणि तालुक्याचं ठिकाण आहे. आधी मंडप-साउंडवाल्यांकडे मिक्सरवर बसायचो. लग्न, भागवत सप्ताह, नवरात्र, रात्रभराचं नाटक, जिथे बोलावणं येईल तिथे. आता घरातल्या एका खोलीत चार माइक घेणारा ऑडिओ इंटरफेस आहे. गावात त्याला सगळे साउंड कार्डच म्हणतात. जोडीला एक लॅपटॉप आणि रीपर नावाचं सॉफ्टवेअर. रीपर बनवणारा जस्टिन फ्रँकल हाच पूर्वी विनॅम्प बनवणारा. आमच्या पिढीने कॉम्प्युटरवर पहिली गाणी ऐकली ती बहुधा विनॅम्पवरच, म्हणून त्या माणसाबद्दल मला आपुलकी आहे. रीपर साठ दिवस पूर्ण वापरून पाहता येतं, लहान धंद्यासाठीचा परवाना साठ डॉलरला मिळतो, आणि जुन्या लॅपटॉपवरही ते धापा टाकत नाही. आमच्यासारख्या ठिकाणी काम उभं राहायला या तीन गोष्टी पुरेशा होतात.

काम येतं ते हंगामाने. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, म्हणजे पाव्हण्यांना सगळीकडे जाता येतं. मंडईच्या दिवशी दंडार आणि गंमत, रात्री नाटक. वडसा-देसाईगंजची नाटकमंडळं याच दिवसांत गावोगाव फिरतात आणि होळीपर्यंत त्यांना उसंत नसते. २०२३मध्ये झाडीपट्टीतले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचं नाव पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत आलं. गंमतीच्या पार्ट्या मात्र अजूनही तालुक्या-दोन तालुक्यांपुरत्याच माहीत असतात. हंगामात त्यांच्या रात्री भरलेल्या असतात आणि दिवसा गळा बसलेला असतो. शेतातही त्याच दिवसांत धान चुरायचं काम चालू असतं आणि मळणीयंत्राचा आवाज दोन बांध ओलांडून खोलीत येतो. पावसाळ्यात बेडूक आणि टिनाच्या पत्र्यावरचा पाऊस. म्हणून माझं रेकॉर्डिंग बहुतेक माघ सरल्यावर चालतं. तेव्हा हवा कोरडी असते आणि ढोलकीचं कातडं दवाने उतरत नाही. ऐन थंडीत तेच कातडं दर दोन गाण्यांनी शेकोटीजवळ न्यावं लागतं.

खोलीचं आधी सांगतो, कारण पैसे माइकवर खर्च करायचे की खोलीवर, हे विचारायला पोरं येतात. मी त्यांना खोली सांगतो. माझी खोली स्लॅबची, बारा बाय दहा फूट आणि उंचीही दहा फूट. रुंदी आणि उंची सारखी असली की त्या दोन्ही अंतरांत घुमणारा आवाज एकच असतो. दहा फुटांच्या अंतरात तो ५६ कंपनांवर घुमतो आणि त्याची दुप्पट ११२. ढोलकीच्या धुमेचा, म्हणजे जाड आवाजाच्या तोंडाचा, घुमारा त्याच भागात येतो. त्यामुळे खोलीत ढोलकी वाजली की काही ठोके अंगावर येतात आणि काही नुसतेच टकटक वाजतात. वाजवणाऱ्याच्या हाताचा यात काही दोष नसतो. यावर शहरात फोमच्या पट्ट्या लावतात. त्या पातळ फोमने वरचा आवाज मरतो, खालचा घुमारा जसाच्या तसा राहतो, आणि गाणाऱ्याला खोली मेल्यासारखी वाटते. मी कोपऱ्यांत तणसाचे जाड भारे पोत्यांत भरून छतापर्यंत रचले. जाडीमुळे ते खालचा आवाजही बराच शोषतात. दर उन्हाळ्यात बदलावे लागतात, उंदरांवर लक्ष ठेवावं लागतं, आणि पोरांना आत विडी ओढू द्यायची नाही, एवढीच काळजी. पण खरं सांगायचं तर गंमतीसाठी सगळ्यात चांगली खोली म्हणजे मातीच्या भिंतींचं, कवेलूंचं जुनं घर. छप्पर उतरतं असल्याने समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून आवाज घुमत राहत नाही, कवेलूंच्या फटींतून बराचसा बाहेरही जातो. आंधळगावकडे कोशाच्या विणकरांची अशी घरं होती, काही अजून आहेत. तिथे माइक लावायला मिळाला की मिक्सिंगचं अर्धं काम कमी होतं.

विजेचंही असंच. पन्नास कंपनांचं हमिंग आणि त्याच्या वरचे शंभर, दीडशे असे त्याचे भाऊबंद. सॉफ्टवेअरमध्ये ते कापण्याची सोय आहे. कापावं तर ढोलकीची धूम त्याच भागात, तीही जाते. म्हणून अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ घालून अर्थिंगची पट्टी गाडली, लॅपटॉप बॅटरीवर ठेवतो आणि इंटरफेसला लागेल तेवढीच वीज घेतो. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद. वैशाखात हे सगळ्यांनाच कठीण जातं. तीन गाण्यांनंतर बाहेर निंबाखाली बसून पाणी प्यायचं आणि मग पुढे.

आता मुख्य मुद्दा. इंटरफेस आणि सॉफ्टवेअर आलं की माणसाला पहिला मोह होतो तो सगळ्यांना वेगळं वेगळं घेण्याचा. आज ढोलकी, उद्या पेटी, परवा शाहीर, आणि झीलकरी जेव्हा येतील तेव्हा. प्रत्येक आवाज आपापल्या ट्रॅकवर स्वच्छ, कोणात कोणाची गळती नाही. पुढे हवं तसं वरखाली करता येतं. सिनेमाची गाणी आता अशीच होतात आणि उत्तम होतात.

गंमतीत हे का जमत नाही ते मला कानांनी कळलं, कारणं नंतर सापडली. वेगळं घ्यायचं तर गाणाऱ्याच्या कानात हेडफोन हवा. आवाज माइकमधून इंटरफेसमध्ये, तिथून लॅपटॉपमध्ये आणि परत हेडफोनमध्ये येतो. लॅपटॉप आवाजाचे तुकडे साठवून साठवून पुढे पाठवतो. ५१२ नमुन्यांचा तुकडा असेल आणि सेकंदाला ४८,००० नमुने घेत असाल तर एका बाजूला जवळजवळ ११ मिलिसेकंद लागतात, जाऊन-येऊन २१च्या वर. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे शाहिराला स्वतःचा आवाज सात मीटर लांबून आल्यासारखा ऐकू येतो. तुकडा १२८ नमुन्यांचा केला तर एका बाजूचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो, पण जुन्या लॅपटॉपला ते झेपत नाही आणि आवाजात टिकटिक येते. इंटरफेसवरच थेट ऐकण्याचं बटण असतं, ते दाबलं की आवाज लॅपटॉपपर्यंत न जाता कानात येतो. उशीर संपला. तरीही शाहीर म्हणाले, “कानात हे घालून आमाले गाताच येत नाही जी.”

ते खरं होतं. गंमतीचा शाहीर एका जागी उभा राहून गात नाही. एक हात कानावर, आणि ओळ संपत आली की तो मागे झीलकऱ्यांकडे वळतो. वळला की समोरच्या माइकला त्याचा आवाज कमी कमी होत जातो आणि झील तिथूनच वर येते. कोणीही फेडर हलवलेला नसतो, तरी एक आवाज उतरतो आणि दुसरा चढतो. ओळ पुढच्याकडून मागच्याकडे जाते ती अशी. हेडफोन घातला, समोर एकट्याचा माइक लावला आणि मागे कोणी नसलं की तो वळणार कोणाकडे? शेवटची ओळ तो तोंडातल्या तोंडात संपवतो. दुसऱ्या दिवशी येऊन झीलकरी त्या संपलेल्या ओळीवर आपली ओळ ठेवून जातात. दोन्ही ट्रॅक स्वच्छ, आणि गंमत गेलेली.

लयीचंही तेच. वेगळं घ्यायचं तर सगळ्यांना एक ठरलेला ठोका द्यावा लागतो, ज्याला क्लिक म्हणतात. गंमतीची लय ठरलेली नसते, ती चढते. कटाव सुरू झाला की ढोलकीवाला शाहिराच्या श्वासाकडे पाहत पाहत वेग वाढवतो आणि टाळीपर्यंत सगळे एकदम येऊन पोचतात. हा चढ क्लिकमध्ये बसवायचा तर कुठे किती वेग वाढणार हे आधीच लिहून द्यावं लागेल. मग ढोलकीवाला शाहिराकडे पाहायचं सोडून कानातल्या ठोक्याकडे लक्ष देतो. मी रीपरमधली मात्रांची जाळी बंद करून टाकतो. नुसती मिनिटं आणि सेकंद. गाणं तुकड्यात जोडायचंच असेल तर टाळीवर जोडतो, मधे नाही.

पूर्वी तर वेगळं घेण्याची सोयच नव्हती. नोव्हेंबर १९०२मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं, तेव्हा माइकच नव्हता. एक कर्णा होता आणि त्याच्या टोकाला मेणावर कोरणारी सुई. विजेवरचं रेकॉर्डिंग १९२५च्या सुमारास आलं. तोवर मिक्सिंग म्हणजे माणसं कुठे उभी करायची, एवढंच. मोठ्या आवाजाचं वाद्य मागे, गाणारा कर्ण्याच्या तोंडाशी, तान घेताना मान मागे. पुढे १९५७मध्ये अँपेक्स कंपनीने लेस पॉल यांना आठ ट्रॅकचं यंत्र दिलं. पण बीटल्सचा १९६७चा ‘सार्जंट पेपर’ अल्बम चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाला. माझ्या इंटरफेसला चारच माइक लागतात म्हणून कोणी हळहळलं की मी हे सांगतो. चार पुरतात. कमी असले की प्रत्येक माइक कुठे लावायचा याचा विचार नीट होतो.

माझी मांडणी अशी. पार्टी जशी अंगणात उभी राहते तशीच उभी करायची. पहिला माइक शाहिरासमोर, तोंडापासून चांगला हातभर लांब. सभेची सवय असलेला शाहीर माइक ओठांना लावायला बघतो. तसा लावला की त्यातला खालचा आवाज फुगतो आणि वळण्याचा खेळही संपतो. दुसरा ढोलकीला, धुमेच्या बाजूने थोडा वर. तिसरा झीलकऱ्यांना, दोघांमध्ये एकच, तुणतुणं आणि झांजही त्यातच येतात, कारण ती झीलकऱ्यांच्याच हातात असतात. चौथा कंडेन्सर, ज्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात, तो पार्टीच्या समोर आठ फुटांवर, डोक्याच्या थोडा वर. जिथे पहिल्या रांगेतला प्रेक्षक बसतो तिथे. पेटीला माइक नाही. पेटीचा आवाज चारही माइकांत येतोच, आणि तसाच तो आधार म्हणून बरा वाटतो. पेटीवाल्यांना सुरुवातीला हे आवडत नाही, ऐकल्यावर चालतं.

दोन माइकांमधलं अंतर माइक आणि गाणारा यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवायचं हा जुना नियम आहे. खोली लहान असली की तो पूर्ण पाळता येत नाही. पण जितका पाळला जाईल तितकं एका माइकचा आवाज दुसऱ्याला खाणं कमी होतं. गेन असा ठेवायचा की सगळ्यात मोठी हाकही वरच्या रेषेपासून दहा-बारा डेसिबल खाली राहील. चोवीस बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, वर नसते. शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो आणि कोणत्याही सॉफ्टवेअरला तो पुरता शिवता येत नाही. गंमतीत शाहीर “जी जी रं जी” म्हणत टिपेला कधी जाईल हे त्यालाही आधी ठाऊक नसतं.

मिक्स करायला बसलो की मी आधी फक्त चौथा माइक उघडतो. त्या एकट्यावर पूर्ण गाणं ऐकतो. पार्टी चांगली असेल तर त्यात जवळजवळ सगळं असतं. शब्द थोडे पुसट, ढोलकी थोडी लांब, एवढंच. मग बाकीचे तीन हळूहळू वर आणतो, लागतील तेवढेच. आठ फूट म्हणजे आवाजाला सात मिलिसेकंद, म्हणून जवळचे तिन्ही ट्रॅक तेवढे मागे सरकवतो, नाहीतर ढोलकीचा प्रत्येक ठोका दुहेरी आणि पातळ वाटतो. झीलकऱ्यांचा ट्रॅक मात्र पूर्ण जुळवत नाही, किंचित उशिराने राहू देतो. ते मागे उभे असतात, म्हणून त्यांचा आवाज मागूनच यायला हवा. ऐंशीच्या खालचं शाहिराच्या ट्रॅकवरून कापतो, कारण तिथे गळा नसतो, फक्त पायाची धपधप असते. पेटी फार पुढे आली तर दीड ते तीन हजारांच्या मधे दोन डेसिबल कमी. बस. याहून जास्त करावं लागलं तर मी मिक्स सोडतो आणि माणसांच्या जागा बदलून गाणं परत घेतो.

सूर ताणून सरळ करणारं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे. गंमतीवर वापरत नाही. झीलकरी षड्जावर खालून चढत येतात, दोघे दोन वाटांनी येतात, आणि त्या चढण्यातच झीलीची धार असते. बारा सुरांच्या खुंट्यांवर त्यांना टांगलं की दोन माणसांचं एकच माणूस होतं.

हे सगळं झाल्यावर खरी परीक्षा मोबाइलवर होते. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण खिशातला मोबाइल काढून त्यावरच ऐकतो. मोबाइलचा इवलासा स्पीकर दोनशे-तीनशेच्या खाली फार काही देत नाही. काळी चारचा षड्जच त्या सीमेवर. धुमेचा घुमारा तर गायबच. म्हणून ढोलकीला थोडं गरम करतो, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये तिचा आवाज किंचित तापवून वरचे उपस्वर वाढवतो. ते ऐकू आले की कान खालचा मूळ सूर स्वतःच भरून घेतो. कानाचा हा गुण मला फार विलक्षण वाटतो. डावं-उजवं वाटून ठेवलेलं सगळं मोबाइलवर आणि देवळाच्या भोंग्यावर एक होतं, म्हणून शेवटचा मिक्स मी नेहमी एकाच स्पीकरवर ऐकून पक्का करतो.

एका पार्टीचं गाणं असंच मोबाइलवर लावलं होतं. शाहीर खूश, कारण प्रत्येक शब्द स्पष्ट. ज्यांच्या यूट्यूब चॅनलसाठी घेतलं ते तर अजून आवाज वाढवा म्हणत होते. म्हातारे झीलकरी बाबाजी दाराशी बसून ऐकत होते. तीन कडवी ऐकून म्हणाले, “शाहीर बरोबर हाय जी. आमची झील कुठी गेली?”

झील होती. ट्रॅकवर होती, पडद्यावर तिचा आलेख हलत होता. पण झील आणि शाहीर एकाच सुरात, एकाच भागात, आणि मोबाइलवर पुढचा आवाज मागच्याला झाकून टाकतो. शहरातल्या खोलीत मोठ्या स्पीकरवर जी झील ऐकू येते ती हातातल्या मोबाइलवर उरत नाही. तेव्हापासून मी मिक्सची बांधणी झीलीपासून करतो. चौथ्या माइकनंतर दुसरा फेडर झीलीचा. मोबाइलवर झीलीतला प्रत्येक माणूस ओळखता येईल इतकी ती वर. मग तिच्या पुढे शाहीर, शब्द कळतील इतकाच. हे उलटं केलं, म्हणजे शाहीर आधी आणि झील उरलेल्या जागेत, की ती उरतच नाही. शाहिराचा आवाज कोणत्याही मांडणीत पुढे येतो, त्याची काळजी करावी लागत नाही.

मला हे नुसतं आवाजाचं काम वाटत नाही. शाहिराचं नाव पार्टीला असतं, पाटीवर असतं, व्हिडिओच्या मथळ्यात असतं. झीलकऱ्याचं नाव कुठेच नसतं, आणि तो वीस-तीस वर्षं एकाच शाहिरामागे उभा असतो. कोणती ओळ कुठे सोडायची आणि कुठे उचलायची हे त्याला ठाऊक असतं. शाहीर कडवं विसरला तर पहिला शब्द मागूनच येतो. झील नसेल तर शाहीर एकट्याने पोवाडा म्हणेल, सुंदर म्हणेल, पण ती गंमत नाही. मग मोबाइलमध्ये जी पोरं हे ऐकून शिकणार, ती फक्त शाहीर व्हायला शिकतील. मागे उभं राहायला कोण शिकणार?

चॅनलवाले म्हणतात, लोकांना मोठ्याने ऐकायचं असतं. त्यांची अडचण मला कळते. पण एलयूएफएस या आवाजाच्या मापात साधारण −१४हून मोठं असलेलं गाणं यूट्यूब त्या पातळीपर्यंत खाली आणून वाजवतं. मी ते दाबून दाबून मोठं केलं तर यूट्यूब तितकंच खाली ओढतं, आणि दाबताना जो चढउतार मेला तो परत येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना आवाज आणखी आवळला जातो. म्हणून मी दोन फाइली देतो. एक मोबाइलसाठी, झील वर आणि ढोलकी तापवलेली. दुसरी पार्टीच्या स्वतःच्या संग्रहासाठी, त्यात चौथा माइक जास्त, बाकी काही नाही.

आणि कच्चे ट्रॅक मी जपून ठेवतो. चोवीस बिट, ४८ किलोहर्ट्झ, चार ट्रॅक, तासाला सुमारे दोन जीबी होतात. डिस्क स्वस्त झाली आहे, ठेवायला हरकत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कित्येकांचं ध्वनिमुद्रण केलं, आणि आज त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात गाणारीच्या नावासह, गावासह ऐकायला मिळतात. ते काम पाहिल्यापासून माझ्याकडच्या प्रत्येक गाण्यासोबत एक साधी मजकूर फाइल असते. तारीख, गाव, पट्टी, कोणता माइक किती फुटांवर, आणि सगळ्यांची नावं. आधी झीलकऱ्यांची, मग ढोलकी, पेटी, नाच्या, शेवटी शाहीर. शाहिरांनी यावर कधी आक्षेप घेतलेला नाही. एकाने तर आपल्या जुन्या, वारलेल्या झीलकऱ्याचं नावही त्यात लिहायला लावलं, चाल त्याची होती म्हणून. व्हिडिओखाली ही नावं टाकायची, एवढी अट मी चॅनलवाल्यांना घालतो. पैशांत थोडं कमी-जास्त करतो, यात नाही.

दंडारीचं अजून सुटलेलं नाही. गंमत उभी राहते तरी जागा धरून असते. दंडारीत गाणारे आणि नाचणारे हलते असतात, बोलणारा केव्हा कुठे जाईल ते सांगता येत नाही, आणि टिपऱ्यांचा ठोका झीलीवर पडतो. तिथे झीलीला वेगळा माइक देणं शक्य नाही. येत्या मंडईला मी दोन माइक मध्यभागी पाठीला पाठ लावून टांगणार आहे, आणि दोन कडेला उंचावर. सायकलच्या दुकानातून बांबूला बसेल असं लोखंडी कडं करून घेतलं आहे. बाबाजींना तेव्हा येऊन बसायला सांगितलं आहे, माझ्याजवळ, हेडफोनची दुसरी जोडी लावून. हेडफोन लावायला ते कबूल झालेत, पण एकाच कानाला.